हेक्झेनची गाळणी

नांदेड
८ जुलै २००१

अण्णा,

पाया पडते. हे पत्र तुम्ही फाडणार हे धरूनच लिहायला बसले आहे. फाडा, पण वाचून फाडा.

लातूरच्या स्टँडवर मी तुम्हाला सांगितलं की मेडिकलला जाणार नाही, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "कामून?" आणि मी तोंड उघडायच्या आत आपल्या गावाच्या गाडीत चढलात. ते उत्तर राहून गेलं, ते आता देते. मी बी.एस्सी.ला नाव घातलं आहे, मुलींच्या वसतिगृहात खाट मिळाली आहे, आणि मेडिकलच्या प्रवेशाची मुदत काल संपली.

मी आईला विसरले असं तुम्ही आत्याला म्हणालात. नाही विसरले. मी दहा वर्षांची होते, वैजनाथ सात. भूकंपात घर बसलं, तुम्ही आणि गावातल्या माणसांनी आईला दगडमातीतून बाहेर काढलं, तेव्हा ती बोलत होती. वैजनाथच्या डोक्यातली माती झाड म्हणाली मला. बाजेवर घालून तुम्ही तिला सडकेपर्यंत आणलंत. सडकेवर गाड्यांची ही गर्दी, पण डॉक्टर एकाही गाडीत नाही. डॉक्टर आला तेव्हा ऊन चढलं होतं आणि आई नव्हती. तिथंच, त्या सडकेवर, तुम्ही म्हणालात की माझ्या घरातून एक डॉक्टर निघंल. मी ऐकलं होतं. पुढं पत्र्याच्या शेडात राहिलो, नव्या गावात आलो, तरी ते वाक्य कधी सुटलं नाही. मला लातूरला कस्तुरा आत्याकडं ठेवलंत, क्लास लावलात. मीही मान खाली घालून अभ्यास केला. नंबर लागला, तो काही फुकट लागला नाही.

पण मध्ये आत्याच्या यजमानांचं, सटवाजी मामांचं झालं.

तुम्ही आलात ते तिसऱ्या दिवशी. मी पहिल्यापासून दवाखान्यात होते. मामा ज्या कारखान्यात होते तिथं सोयाबीनमधलं तेल हेक्झेननं धुऊन काढतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. तेल त्यात उतरतं, मग ते सगळं मिश्रण उंच लोखंडी टॉवरमध्ये वाफेवर उकळतात. हेक्झेन उडून जातं, तेल खाली राहतं. त्या उडणाऱ्या हेक्झेननंच पेट घेतला. मामा खाली उभे होते.

अण्णा, डॉक्टर लगेच आले होते. दारातच होते. रात्रंदिवस झटले. तरी मामा गेले. एक डॉक्टरीणबाई आत्याच्या शेजारी बसून म्हणाल्या, "आमच्यापर्यंत माणूस येतो तोवर सगळं होऊन गेलेलं असतं, मावशी." त्या रडत होत्या.

मला ते होऊन जायच्या आधी पोचायचं आहे. ती वाट मेडिकलमधून जात नाही, म्हणून मी गेले नाही. एवढंच उत्तर आहे.

परीक्षेच्या तोंडावर मी क्लासात विचारलं होतं, की सर, तेल आणि हेक्झेन न उकळता वेगळं करता येत नाही का? सर म्हणाले, "हे सीईटीला येत नाही." सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण प्रश्न तसाच आहे.

तुम्ही लातूरला गेलात तर चौकात माझा फोटो दिसेल. क्लासवाल्यांनी लावला आहे आणि खाली 'मेडिकल' असं ठळक लिहिलं आहे. मी काढायला सांगितला. म्हणाले, ॲडमिशनचा सीझन होऊ द्या. तुम्ही तिकडं बघू नका.

तुमची
तनुजा


नांदेड
१९ फेब्रुवारी २००७

अण्णा,

पाया पडते. सणासुदीला मी पाठवते ती पत्रं तुमच्या पेटीत पडून असतात असं वैजनाथ सांगतो. फाडत नाही म्हणाला. मला तेवढं पुरतं.

त्याच्या लग्नात तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, जेवणाच्या वेळी शेताकडं निघून गेलात. त्याचं मी काही धरून बसले नाही. नीलम्मा चांगली मुलगी आहे. तिच्या माहेरची कानडी आणि आपली मराठी यांच्यामध्ये तुम्ही अडकलात की तुम्हालाही हसू येतं म्हणे. ते मला बघायचं आहे.

तुम्ही आत्याजवळ निरोप दिलात तो पोचला. लातूरच्या क्लासात मला केमिस्ट्री शिकवायला बोलावत आहेत, निदान ते तरी घे म्हणून. क्लासचे मालक स्वतः इथं येऊन गेले. लातूरात आता गल्लोगल्ली खोल्यांना प्लायवूड ठोकून पोरं ठेवलीत, आत्याच्या मेसमध्ये तीन पंगती उठतात, शिकवणारी माणसं पुरत नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, मेडिकल सोडलेली मुलगी शिकवती म्हटल्यावर पालक रांग लावतील." मी हात जोडले. शिकवणं वाईट नाही अण्णा, पण तिथं जे येत नाही तेच मला करायचं आहे.

मी काय करते ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण वैजनाथला ते सांगता येत नाही आणि आत्याला वाटतं मी विद्यापीठात कापड रंगवते. तसं ते दिसतंही. काचेवर पॉलिस्टरचं जाड कापड ताणायचं. त्यावर पॉलिमरचं द्रावण ओतायचं, मधासारखं, पिवळं, चिकट. मग स्टीलची सरळ पट्टी एका ओढीत त्यावरून न्यायची, म्हणजे केसापेक्षा पातळ थर बसतो. लगेच काच पाण्याच्या टबात बुडवायची. बघता बघता पिवळं पांढरं होतं आणि कापडावर पडदा तयार होतो. त्याला मेम्ब्रेन म्हणतात. चहाच्या गाळणीची भोकं दिसतात, याची दिसत नाहीत, आमच्या इथल्या सूक्ष्मदर्शकाखालीही नाहीत. पण आहेत. एका बाजूनं तेल आणि हेक्झेनचं मिश्रण पंपानं दाबलं की हेक्झेनचा कण बारीक, तो पार होतो. तेलाचा कण मोठा, तो मागं राहतो. जाळ नाही, वाफ नाही, सगळं थंडगार.

असं व्हायला पाहिजे. होत नाही, ते सांगते. हेक्झेन लागलं की माझा पडदा भिजत घातलेल्या सोयाबीनसारखा फुगतो, भोकं सैल पडतात आणि तेलही पार होतं. दोन वर्षं हेच चाललं आहे. माझ्याबरोबर उजमा म्हणून आहे, अहमदपूरची. तिचे वडील शिंपी, स्टँडमागं दुकान आहे. ती म्हणते, "तनू, तुझा पडदा म्हणजे सासरी आलेली नवी सून हाय. कुणी जरा गोड बोललं की सगळ्या घरातलं सांगून टाकती." आमचे रियाज सर एरवी हसत नाहीत, ते हसले. मग म्हणाले, पॉलिमरचे दोरे एकमेकांना बांधून टाका, म्हणजे फुगायला जागाच राहणार नाही. बांधणारं रसायन शोधून झालं आहे. जास्त बांधलं तर पडदा पापडासारखा मोडतो, कमी बांधलं तर फुगतो. मधलं कुठं आहे ते शोधून राहिले आहे. सापडणार.

नांदेडात सध्या सगळीकडं रस्ते खोदलेत, गुरुद्वाऱ्याच्या मोठ्या सोहळ्याची तयारी आहे. धूळ येऊन ओल्या पडद्यावर बसते, म्हणून आम्ही खिडक्यांना ओली चादर लावतो.

वैजनाथ मागच्या महिन्यात येऊन गेला. लातूरला कामाला लागलोय म्हणाला. पेंडीची पोती भरायला, तुम्हाला त्यानं सांगितलंच असेल. तब्येत बरी आहे त्याची.

तुमची
तनुजा


लातूर
३ नोव्हेंबर २००९

अण्णा,

पाया पडते. पत्ता बघून चकित झाला असाल. मी आत्याकडं आहे. माझ्या जुन्या खोलीत आता चार मुली राहतात, म्हणून स्वयंपाकघरात झोपते. आत्या पहाटे उठून कणीक तिंबते तेव्हा माझ्या डोक्याशी परात असते.

मधलं ठिकाण सापडलं. पडदा फुगत नाही, मोडतही नाही. प्रयोगशाळेत तळहाताएवढ्या तुकड्यातून आम्ही हेक्झेन असं गाळलं की खाली पडणारं पाण्यासारखं स्वच्छ. उजमानं ते उन्हात धरून बघितलं. नंतर म्हणाली, "आता मोठं कर."

मोठं करणं म्हणजे पडद्याचे लांब ताव एकावर एक ठेवायचे, मध्ये जाळी घालायची, कडा डिंकानं बंद करायच्या आणि मधल्या नळीभोवती गुंडाळी करायची. ती गुंडाळी लोखंडी नळकांड्यात बसवायची. उजमानं गुंडाळी केली, शिंप्याची मुलगी आहे, कड तसूभर हलली नाही.

आता ती कुठं लावायची? मी त्याच कारखान्यात गेले, अण्णा. दुसरीकडं जाता आलं असतं. मालक मडिवाळप्पा आता थकलेत. मी सांगितलं की मी सटवाजीची भाची. ते खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. म्हणाले, "बाई, तुमच्या मामाचं मी विसरलेलो न्हाई. पर तुमचा ह्यो कागद माझं तेल वेगळं करंल?"

"सगळं नाही करणार," मी म्हटलं. "हेक्झेन बरंचसं काढून घेईल. राहिलेलं उकळावं लागेल. पण आज जेवढं उकळता त्याच्या निम्मंच."

"निम्मंच?"

"निम्मा जाळ, निम्मी वाफ. जितकं कमी उकळेल तितका धोका कमी."

त्यांनी खिडकीतून टॉवरकडं बघितलं. "लावा," म्हणाले.

तर लावलं आहे. सोयाबीनचा सीझन ऐन भरात आहे, मोंढ्याच्या बाजारात ट्रॅक्टरची रांग स्टेशनपर्यंत. यंत्र पहिल्या टॉवरशेजारी बसवलं, कालपासून चालू आहे. सगळं ठीक आहे.

वैजनाथही ठीक आहे. तो मला रोज भेटतो. पोती भरायची जागा आमच्यापासून लांब नाही.

तुमची
तनुजा


लातूर
२१ नोव्हेंबर २००९

अण्णा,

तुम्हाला कळलं आहे. आत्यानं सांगितलं की शेजारच्या दुकानातून तुमचा फोन आला, तुम्ही फक्त एवढं म्हणालात, "तिला म्हणावं, हात काढ त्याच्यातून." आठ वर्षांत तुमचा मला हा दुसराच निरोप. तुमच्यापर्यंत गोष्ट कशी पोचली ते माहीत नाही, म्हणून झालं ते मी स्वतः सांगते.

आधी जे लपवलं ते. वैजनाथ आता पोती भरत नाही. दीड वर्षापासून तो टॉवरवर आहे, मामांच्या जागेवर. तिथं पगार बरा आहे म्हणून त्यानं मागून घेतलं, आणि तुम्हाला सांगू नको म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "अक्का, कुणीतरी उभं ऱ्हाणारच हाय की तिथं." मी नांदेडला परत गेले आणि कामाला लागले. त्या दिवसापासून मी कोणासाठी पडदा करत होते ते तुमच्या लक्षात आलं असेल.

सोमवारी दुपारी माझ्या यंत्राच्या नळकांड्याच्या टोकाची रबरी कडी सुटली. पंपाचा दाब होता, हेक्झेन फवारा मारून बाहेर आलं. टॉवरचं नाही, माझ्या यंत्राचं. मी आठ-दहा हातांवर होते. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड, ती धुरासारखी वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी पसरते, दिसत नाही, नुसता वास येतो. एखादं बटण दाबलं तरी ठिणगी पडते. वैजनाथ ओरडला, "बटणाला हात लावू नका कुणी! बाहेर व्हा!" बाहेरच्या खोलीतून कुणीतरी सगळ्या कारखान्याची वीज तोडली. सगळे फाटकाकडं पळाले. तो उलटा आत आला. फवाऱ्याच्या खाली वाकून त्यानं हातानं वॉल्व्ह बंद केला. मी तिथंच उभी होते. त्यानं माझं मनगट धरून मला बाहेर ओढलं.

पेट घेतला नाही. वैजनाथला चक्कर आली, एक रात्र दवाखान्यात ठेवला, आता इथं घरी आहे. नीलम्मा आली आहे. ती माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलू नये, तेच बरोबर आहे.

कडी मी उजमाला घेऊन तपासली. आम्ही मागवली होती हेक्झेनला टिकणारी, दुकानदारानं साधी दिली, आणि आम्ही ती न तपासता बसवली. पडद्याला दोन वर्षं हेक्झेनमध्ये बुडवून पाहिलं, कडीला एक दिवस बुडवलं नाही. चूक माझी. मडिवाळप्पांसमोर मी हेच म्हणाले. त्यांनी यंत्र काढून अंगणात टाकलं आहे. "बाई, एकदा जळलेला माणूस हाय मी," एवढंच म्हणाले.

आता तुमच्या निरोपाचं. तुम्ही म्हणता हात काढ. अण्णा, मी हात काढला तर काय होईल ते बघा. यंत्र भंगारात जाईल. दोन्ही टॉवर पूर्वीसारखे उकळत राहतील. आणि त्यांच्याखाली वैजनाथ उभा राहील, कारण तो जागा सोडत नाही म्हणतो. त्याला तुम्ही घरी बोलावून घेतलंत तर दुसऱ्या कुणाचा वैजनाथ उभा राहील. मी चुकले म्हणून ते काम चुकीचं होत नाही.

म्हणून मी हात काढत नाही. तुमचं आजवर ऐकलं नाही ते दोनदाच, आज तिसऱ्यांदा. रागवा. पण वैजनाथवर रागवू नका. त्या दिवशी तो आत आला नसता तर आज तुम्हाला दुसरंच कुणीतरी पत्र लिहीत असतं.

तनुजा


नांदेड
२२ मार्च २०१०

अण्णा,

पाया पडते. थोडक्यात लिहिते, कारण हात रसायनात आहेत आणि उजमा ओरडते आहे.

आम्ही प्रत्येक सुटा भाग हेक्झेनमध्ये बुडवून ठेवला आहे. कड्या, डिंक, जाळी, नळी, सगळं. डिंकही पुढंमागं सुटला असता, ते आत्ताच कळलं. बरं झालं. आता दुसरा डिंक आहे, टेफ्लॉनच्या कड्या आहेत, आणि यंत्राखाली उतार केलेला हौद आहे. सांडलंच तर तिथं जाईल, जमिनीवर पसरणार नाही. दाब उतरला की पंप आपोआप थांबतो. हे सगळं आधीच करायला पाहिजे होतं. पडद्याच्या कौतुकात आम्ही बाकीचं विसरलो होतो.

रियाज सर म्हणाले, प्रबंध लिहिण्यापुरतं सगळं तुमच्याजवळ आहे, लिहून टाका, मोकळ्या व्हा. मी म्हटलं, सीझनभर यंत्र चालल्याशिवाय मी काही लिहिणार नाही. ते म्हणाले, "हट्टी आहात." म्हटलं, घराण्याचं आहे.

मडिवाळप्पांकडं तीनदा गेले. पहिल्यांदा भेटले नाहीत. दुसऱ्यांदा चहा पाजला. तिसऱ्यांदा मी काही बोलायच्या आत म्हणाले, "उघड्यावर लावा, इमारतीच्या भायेर. भोवती कुणी उभं ऱ्हाणार न्हाई. पुऱ्या सीझनात एकदा गळलं, का हेक्झेनबरुबर तेल गेलं, तर मी सोता कुऱ्हाड घिऊन येतो." मी म्हटलं, कबूल.

वैजनाथ परत कामावर गेला आहे, तुम्हाला माहीतच आहे. नीलम्मानं परवा फोन घेतला. म्हणाली, "जेवलात का?" मी हो म्हटलं, जेवले नव्हते.

तनुजा


लातूर
१४ डिसेंबर २०१०

अण्णा,

पाया पडते.

तुम्ही शनिवारी मोंढ्यावर सोयाबीन घेऊन आलात हे वैजनाथनं सांगितलं होतं. कारखान्यावर याल असं नव्हतं वाटलं. मी यंत्राच्या पत्र्याच्या छपरीखाली बाटल्यांत नमुने भरत होते, वर बघितलं तर फाटकातून तुम्ही आणि वैजनाथ. तुमचं धोतर, डोक्याला तोच रुमाल. केस पांढरे झालेत, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाया पडायला वाकले, तुम्ही मागं सरला नाहीत.

तुम्ही माझ्या यंत्राकडं बघितलंच नाही. सीझन संपत आला, एकदाही गळलं नाही, हेक्झेनबरोबर तेल गेलं नाही, हे सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं, तुम्हाला दाखवायचं म्हणून पारदर्शक नळीसुद्धा पुसली होती. तुम्ही सरळ विचारलंत, "सटवाजी कुठं हुता?"

वैजनाथ आत घेऊन गेला. मी मागून. दोन टॉवर शेजारी शेजारी. तुम्ही पहिल्यासमोर थांबलात आणि त्यानं "अण्णा, हात नका..." म्हणायच्या आत त्यावर तळहात ठेवलात. मग दुसरा तळहातही त्याच टॉवरवर ठेवलात. बराच वेळ. मला वाटलं तुम्हाला चक्कर आली.

"ह्यो थंड हाय," तुम्ही म्हणालात.

"दिवाळीपासून बंद आहे," मी म्हटलं. "त्याचं काम आता बाहेरचं यंत्र करतं."

"हितंच हुता त्यो?"

"इथंच," वैजनाथ म्हणाला.

तुम्ही तळहात तसेच ठेवून उभे होता. तुमचे खांदे हलत होते ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. वैजनाथ बाहेर तोंड करून उभा राहिला. इतक्या वर्षांत मी तुम्हाला रडताना बघितलं नव्हतं, सडकेवरसुद्धा नाही.

मग तुम्ही रुमालानं तोंड पुसलंत आणि दुसऱ्या टॉवरकडं बोट केलंत. तो धडधडत होता, त्याच्या अंगाची धग आपल्याला लागत होती.

"आन ह्यो?"

"तो चालू आहे," मी म्हटलं. "तेल जसजसं दाट होतं तसं पडद्यातून हेक्झेन निघायला मागत नाही. हा पडदा निम्म्यापर्यंतच जातो. पुढच्यासाठी वेगळा करावा लागेल. कुणी केलेला नाही. होईल की नाही तेही..."

तुम्ही मला पुढं बोलू दिलं नाही. "वैजनाथ ह्याच्याखाली उभा ऱ्हातो?"

"हाव, अण्णा," वैजनाथ म्हणाला.

"मंग तू हितं बाटल्या काय भरून राहिलीस?" तुम्ही मला म्हणालात. तुमचा आवाज चढला होता, माणसं बघायला लागली. "निम्मं करून बसतेत व्हय? जा की. त्ये दुसरं कर."

मडिवाळप्पा तेवढ्यात आले, चहाला चला म्हणाले. तुम्ही म्हणालात माल काट्यावर आहे, आडत्या थांबणार नाही. मोंढ्याकडं चालत गेलात. वैजनाथ सोबत येतो म्हणाला तर त्याला पाळी सोडू नको म्हणून दटावलंत.

तुम्ही गेल्यावर उजमाला फोन केला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या अण्णांना सांग, पॉलिमर बदलावा लागंल, पयल्यापासून सगळं."

म्हटलं, सांगते. तर सांगितलं आहे.

यंत्र आता वैजनाथ बघेल, त्याला सगळं शिकवून ठेवलं आहे. उद्या सकाळच्या गाडीनं मी नांदेडला निघते.

तुमची
तनुजा